वाचकांचे प्रश्न : कलमं आहेत, पेन्शन नाही

गेल्या दोन महिन्यांत रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची जी पत्रं आली, त्यांतली बहुतेक पैसा आणि म्हातारपण याच विषयावरची होती. त्यांतली सात इथं घेतली आहेत. उत्तरांतले व्याजदर २०२५ सालातले आहेत. अल्पबचतीचे दर सरकार दर ३ महिन्यांनी जाहीर करतं, तेव्हा पैसे भरण्याआधी चालू दर पोस्टात विचारून घ्यावा.

प्रश्न : आंबा, काजू, नारळ, मासळी, वर समुद्रकिनारा. निसर्गानं एवढं देऊनही कोकणातला माणूस शंभर-दीडशे वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरीवर का जगला? एखादा प्रदेश श्रीमंत होतो तो नेमका कशानं?
— एक निवृत्त शिक्षक, राजापूर

उत्तर : निसर्गानं काय दिलं यावर श्रीमंती फारशी अवलंबून नसते. सिंगापूरला पिण्याचं पाणीसुद्धा शेजारच्या मलेशियाकडून आणावं लागतं. माल विकण्याआधी तुम्ही किती थांबू शकता आणि त्या मालावर पुढचं काम कोण करतं, फरक तिथं पडतो.

काजूच घ्या. साधारण ४ किलो बीमधून १ किलो गर निघतो. बी पावसाआधी घाईनं विकणाऱ्याला बीचाच भाव मिळतो. वाळवणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग यांची कमाई जिथं कारखाना असेल त्या गावात राहते. मासळीचंही तेच. जेट्टीवर बर्फ आणि शीतगृह नसेल तर होडी किनाऱ्याला लागल्यावर जो भाव असेल तोच घ्यावा लागतो, कारण दोन तासांनी तोही मिळत नाही. एक खलाशी दिवसाला किती किलो मासळी आणतो यापेक्षा त्याच्या एका दिवसाच्या कष्टातून बाजारात किती रुपयांचा माल उभा राहतो, ते महत्त्वाचं. अर्थशास्त्रात याला उत्पादकता म्हणतात. ती वाढते यंत्रानं, शिक्षणानं, रस्त्यानं, विजेनं आणि स्वस्त भांडवलानं.

कोकणात या सगळ्यांचीच वानवा होती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. त्यावर काही न बोललेलंच बरं. तिसरी अडचण कागदावरची. सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, त्यांतली निम्मी वारलेली, उरलेली डोंबिवली ते बडोदा पांगलेली. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून विहीर, पंप, गोदाम काहीच उभं राहत नाही. जमीन असूनही तिचं भांडवल होत नाही. सरकारनं २०२५ मध्ये चालवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयतांच्या जागी वारसांची नोंद होत होती. ज्यांनी ती करून घेतली नाही त्यांनी निदान वारस फेरफाराचा अर्ज तरी द्यावा. एखाद्या अनुदानापेक्षा या कागदाचं मोल जास्त आहे.

मनीऑर्डरीबद्दल म्हणाल, तर ते पैसे गिरणीतून येत आणि घरखर्चात जात. तांदूळ, लग्न, घराची कौलं, गणपती. त्यातून पुढं उत्पन्न देईल असं काही उभं राहिलं नाही, म्हणून जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लालबागेबरोबर इथल्या वाड्याही हादरल्या.

नॉर्वेनं याच्या उलट केलं. तोही मासेमारी करणाऱ्यांचाच किनारा. १९६९ मध्ये तिथल्या समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. पुढं १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी केला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. तो पैसा परदेशांतल्या शेअर आणि रोख्यांत गुंतवतात, आणि सरकारनं त्यातून वर्षाला साधारण ३ टक्क्यांपर्यंतच घ्यावं असा दंडक आहे (२०१७ पर्यंत तो ४ टक्के होता). संपणाऱ्या मालातून न संपणारं उत्पन्न, एवढाच त्यातला हिशोब. निवृत्तीचं नियोजन म्हणजे हेच, फक्त तेलाच्या जागी तुमची कष्ट करायची वर्षं असतात.

प्रश्न : मुंबईतल्या कंपनीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५५ लाख आले. ईपीएस पेन्शन ३,४०० रुपये. पत्नी ५४ वर्षांची. घर वडिलोपार्जित, खर्च महिना ३२ हजार. सगळे पैसे व्याजाला लावले तर भागेल ना?
— एक चाकरमानी, गुहागर तालुका

उत्तर : पहिली काही वर्षं मजेत भागेल, आणि म्हणूनच फसगत होते. आज ३२ हजारांत जे येतं त्याला ६ टक्के महागाईनं १२ वर्षांनी ६४ हजार लागतील. व्याज मात्र आहे तिथंच राहील.

आधी घाईचं काम. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी ६० वर्षांनंतर उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे मिळालेल्या ५५ ते ६० वयाच्या माणसाला ती आधीही मिळते. अट एवढीच की पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडायचं. बरेच जण ‘बघू गणपतीनंतर’ म्हणत पैसे बचत खात्यावर ठेवतात आणि ही संधी थेट साठीपर्यंत लांबते. मर्यादा ३० लाख, दर ८.२ टक्के, आणि उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं कायम. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. पत्नीला संयुक्त खातेदार करा. कंपनीचं निवृत्तीचं आणि रकमेचं पत्र बरोबर न्या, नाहीतर पोस्टातून परत यावं लागेल.

पेन्शन धरून महिन्याला २३,९०० झाले. तूट ८,१०० ची. ही तूट दर वर्षी फुगत जाऊन सहाव्या वर्षी महिना १९ हजारांच्या आसपास जाते. तिच्यासाठी ८ लाख वेगळे काढा आणि बँकेत १ ते ५ वर्षांच्या मुदतीच्या पाच-सहा ठेवी करा, म्हणजे दर वर्षी एक मोकळी होईल. ६.५ टक्के व्याज धरलं तर हे ८ लाख जेमतेम ६ वर्षं पुरतात. ४ लाख दवाखान्यासाठी, दोघांना काढता येतील अशा खात्यात. राहिले १३ लाख. ते निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात) एकदम न टाकता १२ ते १८ महिन्यांत हप्त्यांनी टाका आणि ६ वर्षं त्यांना हात लावू नका.

शेअर बाजार म्हटलं की पोटात गोळा येतो, तो अगदीच उगाच नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स वर्षभरात ८ हजारांच्या घरात आला. २०२० मध्ये जानेवारीत ४२ हजारांवर होता, २३ मार्चला २६ हजारांखाली. दोन्ही वेळा तो वर आला, पण ज्याला त्याच महिन्यात भाताचं बियाणं आणि दवाखाना भागवायचा होता त्यानं तळाला विकलं. त्या ८ लाखांच्या ठेवी त्यासाठीच आहेत. बाजार पडलेला असताना तुम्हाला विकायची वेळ येऊ नये.

आता कडू भाग. हे सगळं नीट केलं, फंडानं १० टक्के दिले, तरी ३२ हजारांच्या खर्चाला ही पुंजी तुमच्या ७७ व्या वर्षाच्या आसपास संपते. तेव्हा पत्नी ७३ वर्षांच्या असतील, आणि तुमच्या पश्चात ईपीएसची निम्मीच पेन्शन त्यांना मिळेल. खर्च २५ हजारांवर आणला, किंवा महागाईबरोबर वाढेल असं ७ हजारांचं उत्पन्न जोडलं, तर तेच पैसे तुम्हाला ८५ च्या पलीकडे नेतात. गुहागरसारख्या ठिकाणी दोन खोल्या निवास-न्याहारीला देणं हे ७ हजारांसाठी अवघड नाही. मात्र घर सामाईक असेल तर भावंडांची लेखी संमती आधी, रंगरंगोटी नंतर. घरावर रिव्हर्स मॉर्गेज (घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेणं) काढायचा विचार असेल तर तो सोडा. बँकेला त्यासाठी स्वतः मिळवलेलं, निर्वेध मालकीचं घर लागतं. वडिलोपार्जित सामाईक घर चालत नाही.

कराची फार चिंता नको. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. फंड विकल्यावरचा दीर्घ मुदतीचा नफा मात्र वेगळा मोजतात : वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ, पुढं १२.५ टक्के. म्हणून एकदम न विकता दर वर्षी थोडं थोडं विकलेलं बरं.

प्रश्न : हापूसची अडीचशे कलमं आहेत. वय ३८, मुलं ९ आणि ५ वर्षांची. चांगल्या वर्षी खर्च जाऊन ९ लाख राहतात, वाईट वर्षी २. दहा हजारांची एसआयपी (फंडात दरमहा ठरलेला हप्ता) सुरू केली होती, तीन वेळा बाउन्स होऊन बंद पडली. आमच्यासारख्यांनी काय करायचं?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : चूक तुमची नाही. दरमहा पगार मिळणाऱ्यासाठी शिवलेला सदरा तुम्हाला घातला होता. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की फंड ती बंद करतो, आणि प्रत्येक बाउन्सला बँक दंड कापते तो वेगळाच.

हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. त्यातच अवकाळी पाऊस, फुलकिडे, मोहर जळणं. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. पाच वर्षांची सरासरी काढा. ती समजा ५ लाख निघाली, तर घर ५ लाखांचं नव्हे, ४ लाखांचं चालवायचं.

हंगामाचे पैसे जूनपर्यंत हातात येतात. त्यातून सगळ्यात आधी पुढच्या हंगामापर्यंतचा घरखर्च आणि बागेचा खर्च, म्हणजे कल्टार (मोहरासाठीचं औषध), फवारण्या, राखण, तोडणीचे कामगार, एवढी रक्कम लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या फंडात) किंवा बँकेच्या ठेवीत बाजूला काढा. ही पहिली गुंतवणूक, आणि परतावाही हिचाच सगळ्यात जास्त. कसा ते पाहा. समजा दलालाकडून ४ लाखांची उचल घेतली. तो व्याज लावत नाही, पण माल त्याच्याकडेच पाठवायचं बंधन येतं. ८०० पेट्यांवर पेटीमागे दीडशे रुपये कमी मिळाले तर १ लाख २० हजार गेले. चार लाखांवर हे ३० टक्के झाले, तेही सात-आठ महिन्यांसाठी. एवढा परतावा कुठला फंड खात्रीनं देणार? अगदीच पैसे हवे असतील तर किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज घ्या. वेळेत फेडलं तर ते ४ टक्क्यांनी पडतं. तारीख चुकली की सवलत गेली, तेव्हा ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

यानंतर उरेल त्याचे दोन वाटे. एक पीपीएफमध्ये. तिथं व्याज मोजतात ते महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरीपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर. १ लाख ५० हजार ५ एप्रिलच्या आत भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. तेच ६ जूनला भरले तर तीन महिन्यांचे, ७.१ टक्क्यांनी सुमारे २,६६० रुपये बुडतात. एप्रिलमध्ये बागायतदाराच्या हातात पैसे नसतात हे खरं, म्हणून आदल्या जूनमधलेच थोडे राखून ठेवावे लागतात. ते जमत नसेल तर निदान ५ जून चुकवू नका.

दुसरा वाटा लिक्विड फंडात ठेवून तिथून दरमहा इंडेक्स फंडात वळवा. याला एसटीपी म्हणतात. पैसे आधीच फंडात असल्यामुळे बाउन्स व्हायचा प्रश्नच येत नाही. वाईट वर्षी एसटीपी केलीच नाही तरी चालेल, दंड नाही. फंडाची ‘डायरेक्ट’ योजना घ्या, ‘रेग्युलर’मध्ये एजंटचं कमिशन दर वर्षी कापलं जातं. १ टक्का म्हणजे किरकोळ वाटतो. दरमहा ५ हजार २५ वर्षं, १२ टक्के धरले तर सुमारे ९५ लाख होतात, ११ टक्के धरले तर साडेएकोणऐंशी लाख. मधले १५ लाख त्या एका टक्क्याचे.

किती जमेल? सरासरीनं वर्षाला १ लाख २० हजार फंडात गेले आणि १० टक्के मिळाले, तर ६० व्या वर्षी ८५ लाखांच्या आसपास असतील. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. ६ टक्के महागाई वजा केली की आजच्या भाषेत ते २४ लाख उरतात. त्यातून वर्षाला ४ टक्के काढले तर आजचे महिना ८ हजार. बाग चालू असेल तर पुरेसे, बाग गेली तर नाही. आणि बाग जाऊ शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आगरं एका दुपारी आडवी झाली. नारळ-सुपारी पुन्हा धरायला किती वर्षं जातात ते तुम्हाला सांगायला नको. हवामानाधारित फळपीक विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा साधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के असतो. तो पैसे मिळवून देणारा नाही, पण दर वर्षी घ्या. सातबाऱ्यावर कलमांची नोंद आणि ई-पीक पाहणी झालेली नसली की दावा अडतो. तसंच, मुलं लहान आहेत, तेव्हा वर्षाच्या घरखर्चाच्या १५ पट तरी टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा) हवा.

जाता जाता : आंब्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तरी कर वाचवायला म्हणून विमा पॉलिसी घेतलेले बागायतदार गावोगाव आहेत. जो कर लागतच नाही तो वाचवायचा कसा? अशा जुन्या मनीबॅक किंवा एंडोमेंट पॉलिसीत वर्षाला ५० हजार प्रमाणे २० वर्षं भरून १८ लाखांच्या आसपास मिळत असतील, तर तो साडेपाच टक्के परतावा झाला. पीपीएफमध्ये तेच २२ लाख झाले असते.

प्रश्न : घरधनी बोटीवर खलाशी, वय ३५. मी मासळी विकते, वय ३०. दोघांनाही पेन्शन बसेल अशी काही सोय आहे का? पावसात हातात काहीच नसतं.
— एक वाचक, मालवण

उत्तर : आहे. अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयात घेता येते, आयकर भरणाऱ्यांना मात्र नाही. ६० नंतर ५ हजारांच्या पेन्शनसाठी आज त्यांना महिना ९०२ आणि तुम्हाला ५७७ रुपये भरावे लागतील. अठराव्या वर्षी घेतली असती तर २१० लागले असते. धाकट्या दिराला किंवा भावाला आजच सांगा. हप्ता मासिकच हवा असं नाही, तिमाही किंवा सहामाही घेता येतो. तुम्ही सहामाही घ्या आणि तारीख अशी ठरवून घ्या की हप्ता जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कापला जाणार नाही. एकाच्या पश्चात दुसऱ्याला तीच पेन्शन, आणि दोघांच्या पश्चात ५ हजारांच्या पेन्शनमागचे साडेआठ लाख वारसदाराला.

मात्र २५ वर्षांनी मिळणारे ५ हजार आजच्या सुमारे १,१५० रुपयांएवढे असतील. त्यात तेल-मीठ येईल, घर चालणार नाही. म्हणून दसऱ्यानंतर मासळी चांगली असते त्या महिन्यांत पोस्टात थोडं टाकत चला. त्याहून आधीचं काम बँकेत जाऊन दोन विमे सुरू करण्याचं : २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा. समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडे हे नसणं परवडत नाही. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे अखेर दोघांच्या खात्यांवर पाचपाचशे रुपये शिल्लक हवेतच. शिल्लक नाही म्हणून विमा बंद पडला आणि घरात कुणाला कळलंच नाही, असं फार होतं.

प्रश्न : गावातली पतसंस्था साडेनऊ टक्के देते, बँक सात. चेअरमन ओळखीचे आहेत. १२ लाख ठेवू का?
— चिपळूण

उत्तर : नको. चेअरमन सज्जन असतील, पण कर्ज घेणारे सगळे सज्जन असतात का?

बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासूनची ही मर्यादा आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. रिझर्व्ह बँकेनं व्यवहारांवर निर्बंध घातले तर ९० दिवसांत हे पैसे मिळावेत, असा बदल २०२१ मध्ये झाला. पतसंस्थेला यातलं काहीच लागू नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते आणि ठेव विमा तिला नसतो. ‘नागरी सहकारी पतसंस्था’ आणि ‘नागरी सहकारी बँक’ या दोन पाट्या दुरून सारख्याच दिसतात. शाखेत रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला आहे का ते बघा.

जादा अडीच टक्क्यांनी तुम्हाला वर्षाला ३० हजार मिळतील. त्यासाठी १२ लाख पणाला लागतात. गावातल्या संस्थेशी नातं ठेवायचं असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच तिथं ठेवा. बाकीचे दोन बँकांत विभागून, प्रत्येकीत पाऊण-एक लाखाची जागा व्याजासाठी सोडून. ५ लाखांत व्याजही मोजलं जातं, हे विसरून बरोबर ५ लाख ठेवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या रकमेला तिसरी बँक किंवा पोस्ट लागेलच.

प्रश्न : डोंबिवलीची खोली विकून किनाऱ्याजवळ २० गुंठे घ्यायचा विचार आहे. एजंट म्हणतो पाच वर्षांत दुप्पट.
— डोंबिवली, मूळ गाव दापोली तालुका

उत्तर : ७२ ला वर्षांनी भागा. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला १४.४ टक्के, आणि तोच माणूस तीन वर्षांत दुप्पट म्हणाला तर २४. हे घडत नाही असं नाही, पण मग एजंट ती जमीन स्वतःकडे का ठेवत नाही?

सातबाऱ्यावर शेती असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते. तुमचं नाव गावच्या जमिनीवर लागलेलं असेल तर तो दाखला काढून ठेवा. मग तीस वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घ्या. जागेपर्यंतचा रस्ता कागदावर आहे की नुसता पायवाटेनं चालतोय ते बघा. भरतीरेषेपासूनच्या अंतरामुळे सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात) बांधकाम अडतं का, हे तहसीलदार किंवा नगररचना कार्यालयातून लेखी घ्या. एजंटच्या मोबाइलवरचा नकाशा चालत नाही. मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

हे सगळं बरोबर निघालं तरी निवृत्तीसाठी प्लॉट घ्यायला आमचं मन होत नाही. तो महिन्याला एक रुपया देत नाही, उलट गडगा आणि राखण मागतो. आणि अडचणीच्या वेळी त्यातले दोन गुंठे सुटे करून सहजासहजी विकता येत नाहीत. राहायला घर हवं असेल तर घ्या, तो वेगळा विषय.

प्रश्न : सगळ्या ठेवींना मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय. मृत्युपत्र करायची गरज आहे का?
— रत्नागिरी

उत्तर : आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनीला मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. धाकट्यानं वाटा मागितला तर मोठ्याला द्यावा लागेल, आणि द्यायचा नसेल तर दोघं कोर्टात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुमच्याहून तरुण निवडा. आंब्याची बाग वाटताना ‘निम्मी निम्मी’ लिहू नका. गट नंबर आणि कलमांची संख्या लिहा, विहिरीचं पाणी कुणी कुठल्या दिवशी घ्यायचं तेही.